ग्रंथ आणि कात्री

1807 साली लंडनमध्ये एक वेगळेच बायबल छापून निघाले. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या निग्रो गुलामांसाठी काढलेले हे निवडक भाग आहेत, असे त्याच्या शीर्षकपानावरच नमूद होते. प्रॉटेस्टंटांच्या बायबलमध्ये 1,189 अध्याय असतात. इथे 232 उरले होते. जुन्या करारातला सुमारे 90 टक्के मजकूर गेला, नव्या करारातला जवळपास निम्मा. काय गाळले हे पाहिले की गाळणाऱ्यांची धास्ती कळते. मोशे आपल्या लोकांना मिसरच्या गुलामगिरीतून बाहेर काढतो, ती निर्गमाची कथा गेली. ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही असे पौल गलतीकरांना लिहितो, ते वचनही गेले. दासांनी भीत भीत धन्याच्या आज्ञेत राहावे हा इफिसकरांना केलेला उपदेश मात्र जागच्या जागी राहिला. भावांनी विकलेला योसेफ परमुलखात इमानाने चाकरी करून मोठा होतो, ती गोष्टही राहिली. हा निव्वळ मळेवाल्यांचा कावा होता असेही म्हणता येत नाही. ज्या संस्थेसाठी हे पुस्तक निघाले तिच्यामागे लंडनचे बिशप बेल्बी पोर्टियस होते आणि ते गुलामांच्या व्यापाराचे उघड विरोधक होते. त्याच 1807 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार बंद करणारा कायदा केला. मळ्याच्या फाटकातून ग्रंथ आत जायचा तर तो कापूनच जाईल, असा हिशेब त्यामागे असावा.

मी देव मानत नाही. बायबल हे माझ्या लेखी वेगवेगळ्या शतकांतल्या माणसांनी, आपापल्या काळाच्या गरजेतून लिहिलेले पुस्तक आहे. तरीही त्या 232 अध्यायांपुढे माझ्यासारख्यालाही थबकावे लागते. धर्मग्रंथातून हवा तो अर्थ काढता येतो, असे आम्ही नास्तिक सहज बोलून जातो. ते पूर्ण खरे असते तर कापाकापीची गरजच पडली नसती. सगळा ग्रंथ गुलामाच्या हाती देऊन हवा तो अर्थ त्याच्या गळी उतरवता आला असता. ग्रंथात काहीतरी आवरण्यासारखे नव्हते, म्हणून कात्री लागली. पण याच पुस्तकातून दुसरीही गोष्ट दिसते. इफिसकरांना लिहिलेले वचन आणि गलतीकरांना लिहिलेले वचन एकाच पौलाच्या नावावर, एकाच नव्या करारात, काही पानांच्या अंतरावर आहे. त्यांतले कोणते चालवायचे आणि कोणते बाजूला ठेवायचे, हे ग्रंथ स्वतः सांगत नाही. ते वाचणारा ठरवतो. ठरवताना एक तर तो बाहेरचा निकष आत आणतो, नाहीतर आतल्याच एका वचनाला स्वतःच्या जबाबदारीवर बाकीच्यांच्या वर बसवतो. काहीही केले तरी निर्णयाचे धनीपण त्याच्याकडे राहते, आणि ते ग्रंथावर ढकलण्याची सोय त्याला असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

गुलामगिरीचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण या प्रश्नावर आज कोणतेही चर्च दुसऱ्या बाजूला उभे नाही. निकाल लागलेला आहे. तो लागला कसा, एवढेच पाहायचे आहे. मोशेच्या नियमशास्त्रात याविषयी संदिग्ध असे फारसे काही नाही. लेवीय पुस्तकाचा 25वा अध्याय इस्राएली माणसाला दास म्हणून राबवण्यावर बंधने घालतो आणि लगेच पुढे सांगतो की भोवतालच्या परक्या लोकांमधून दास विकत घ्यावेत, ते कायमची मालमत्ता होतील, मुलाबाळांना वारशाने देता येतील. निर्गमाच्या 21व्या अध्यायात धन्याच्या मारामुळे दास जागीच मेला तर शिक्षा आहे. एक-दोन दिवस जगून मेला तर नाही, कारण तो धन्याचा पैसा आहे. पण अनुवाद या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात भलतेच काही सापडते. धन्याकडून पळून तुमच्याकडे आलेल्या दासाला परत धन्याच्या हवाली करू नका, त्याला आवडेल त्या गावात राहू द्या, असा तिथे सरळ आदेश आहे. अमेरिकेत 1850 साली पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा झाला तेव्हा या ओळी बायबलमध्येच होत्या आणि तो कायदा करणाऱ्यांच्या घरोघरी ते बायबल होते.

त्या कायद्याच्या कैवाऱ्यांनी आधार घेतला तो फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राचा. हे पौलाचे सर्वांत छोटे पत्र: एकच अध्याय, 25 वचने. पौल तुरुंगात आहे. फिलेमोन या सुखवस्तू ख्रिस्ती गृहस्थाचा दास अनेसिम त्याच्या सहवासात आला आहे आणि त्याने ख्रिस्ताचा स्वीकार केला आहे. पौल त्याला पत्र देऊन धन्याकडे परत पाठवतो. पत्राची भाषा इतकी मार्दवाची आणि इतकी मुत्सद्दी आहे की वाचताना नवल वाटते. मी आज्ञा करू शकलो असतो, पण प्रेमाने विनंती करतो, असा सूर तो लावतो. अनेसिमाचे काही देणे असेल तर माझ्या खाती मांड, असे म्हणतो आणि जाता जाता फिलेमोनाला त्याच्या स्वतःच्या ऋणाची आठवणही करून देतो. याला आता दास म्हणून नको, दासाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून जवळ घे, इथपर्यंत तो येतो. त्याला मुक्त कर, असे मात्र स्पष्ट शब्दांत कुठेच म्हणत नाही. या एका मौनावर पुढची अठराशे वर्षे वाद झाला. गुलामगिरीचे समर्थक म्हणाले, पाहा, प्रेषिताने पळपुटा दास परत पाठवला. विरोधक म्हणाले, पाहा, प्रेषिताने दासाला भाऊ म्हटले. दोघांच्याही बोटाखाली तेच पान होते.

या वादात एक तिसरा पक्षही होता, खुद्द गुलामांचा, आणि विद्वानांच्या ग्रंथांत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. चार्ल्स कोलकॉक जोन्स हे जॉर्जियातले पाद्री, स्वतः मळेवाले, गुलामांना धर्मशिक्षण देण्याच्या कामाला वाहिलेले. 1830च्या दशकात त्यांनी गुलामांच्या एका सभेत याच पत्रावर प्रवचन केले आणि पळून जाण्याचा पौलाच्या आधाराने निषेध केला. निम्मी सभा उठून चालती झाली. उरलेल्यांपैकी काहींनी असले पत्र बायबलमध्ये असूच शकत नाही, असे तोंडावर सांगितले. हे त्यांच्या कुणा विरोधकाने रंगवून सांगितलेले नाही. जोन्स यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकांच्या आजीची हकिकतही याच जातीची आहे. (हे थर्मन 1936 मध्ये गांधीजींना भेटून गेले होते.) आजीचा जन्म गुलामगिरीतला, तिला वाचता येत नसे, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. अपवाद फक्त करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या प्रेमाच्या अध्यायाचा, तोही कधीमधी. धन्याचा पाद्री पौलाचे आज्ञापालनाचे वचन पुन्हा पुन्हा ऐकवत असे, आणि कधी मोकळी झालेच तर हा भाग वाचणार नाही असे तिने ठरवले होते. थर्मन यांनी 1949च्या आपल्या पुस्तकात ही गोष्ट सांगितली आहे. निरक्षर बाईने जे केले त्याला मी बायबलची सर्वांत प्रामाणिक समीक्षा मानतो. तिच्याही हातात कात्री होती, पण आपण ती कशासाठी चालवतो आहोत हे तिला ठाऊक होते आणि ते तिने लपवले नाही.

बाकीच्यांनी लपवले. 1845 मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या बॅप्टिस्टांनी वेगळी चूल मांडली. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवता येईल का, यावरून ती फूट पडली, आणि त्यांचे म्हणणे असे की आम्ही वचनाला धरून आहोत, उत्तरेचे लोक भावनेला. मार्क नोल या ख्रिस्ती इतिहासकारांनी यादवी युद्धाकडे धर्मशास्त्रातला पेचप्रसंग म्हणून पाहणारे पुस्तक 2006 मध्ये लिहिले. वचनाला वचन लावून वाद घालण्याच्या त्या काळच्या रीतीत समर्थकांची बाजू दिसायला अधिक भक्कम होती, हे ते मान्य करतात. समर्थकांना नुसती वचने दाखवायची होती. विरोधकांना ग्रंथाचा एकूण कल काय, हे पटवून द्यावे लागत होते. शेवटी प्रश्न सुटला तो धर्मपीठावर नाही, रणांगणावर, सहा लाखांहून अधिक माणसे मेल्यावर. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात, हे लिंकन यांनी 1865च्या भाषणात नमूद केले होते. सदर्न बॅप्टिस्टांनी गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली ती 1995 मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत बायबलमधले एकही वचन बदलले नव्हते.

यावर श्रद्धावानांकडून पहिला आक्षेप येतो तो असा की, बायबलमधली गुलामगिरी अमेरिकेसारखी नव्हती. कर्जापोटी काही वर्षे चाकरी करण्याचा तो प्रकार होता. इस्राएली दासापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण परक्या दासांना वारशाने देण्याची मुभा वर सांगितलीच, आणि पौलाच्या काळची रोमन गुलामगिरी तर माणसाच्या देहावर धन्याचा पूर्ण ताबा मानणारी होती. दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक केलेला असतो. देवाने माणसाला पेलेल तेवढेच टप्प्याटप्प्याने सांगितले, बीज पेरले, झाड पुढे वाढले, असे म्हणतात. पण हाच देव डुकराचे मांस, मूर्तिपूजा, शब्बाथ दिवशीचे काम यांवर एका फटक्यात बंदी घालतो. तिथे लोकांच्या सवयींचा तो मुलाहिजा ठेवत नाही. माणूस विकू नका, एवढेच काय ते सांगायला हप्ते पडावेत? शिवाय झाड कोणत्या दिशेने वाढत होते, हे आपल्याला ते वाढल्यावर कळते. 1845 मध्ये दोन्ही गटांना आपापलीच दिशा देवाची वाटत होती. त्यांपैकी एकाची बरोबर होती असे आज आपण म्हणतो, ते गुलामगिरी वाईट हे आधी ठरवूनच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळणे लबाडीचे होईल. गुलामगिरीविरुद्ध लढले कोण? ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गुलामव्यापाराविरुद्ध लढणारे विल्बरफोर्स श्रद्धावान होते. 1688 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनला क्वेकर पंथीयांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन काढले तेही श्रद्धेपोटी. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी या बिशपाने, देवाच्या प्रतिमेनुसार घडलेल्या माणसाची किंमत कोण करणार, असा सवाल करून दास बाळगण्यावरच घाव घातला. त्या काळात इतके थेट कोणी बोललेले सापडत नाही. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1845च्या आत्मचरित्राला पुरवणी जोडून ख्रिस्ताचा धर्म आणि गुलामवाल्यांचा धर्म यांत दरी किती खोल आहे ते सांगितले. हे सगळे खरे, आणि या माणसांपुढे मी नम्र आहे. पण त्यांनी नेमके काय केले ते पाहा. जर्मनटाउनकरांनी लेवीय पुस्तकातली परवानगी बाजूला ठेवली आणि लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण वागावे, या एका सूत्रावर सारा भार टाकला. हे सूत्र मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ते कन्फ्यूशियसकडे आहे, रब्बी हिल्लेलकडे आहे, महाभारताच्या अनुशासनपर्वातही आहे. ग्रंथाने त्यांना ते दिले असेल, पण लेवीय वचनापेक्षा ते मोठे, हे त्यांनी ठरवले. त्यांचे प्रतिस्पर्धी त्यांच्यावर हाच आरोप करत होते आणि तो आरोप वस्तुस्थिती म्हणून बरोबर होता. माझी तक्रार एवढीच की ज्या धैर्याने त्यांनी निवड केली, तिचे श्रेय नंतरच्या चर्चने त्यांच्याकडून काढून ग्रंथाला देऊन टाकले.

मग तुमचा निकष कुठून आला, असे मला विचारले जाते. माझ्याकडे आकाशातून आलेला निकष नाही, आणि बुद्धीची कात्री आपोआप न्यायाची होते असेही नाही. थॉमस जेफरसन यांनी 1820च्या सुमारास ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी नव्या करारांतले उतारे धारदार पात्याने कापून एक वही चिकटवली. चमत्कार वगळले, पुनरुत्थान वगळले, येशूची नीती ठेवली. त्याच 1820 साली कलकत्त्यात राममोहन रॉय यांनी येशूच्या उपदेशांचे संकलन प्रसिद्ध केले, तेही चमत्कारांवाचून, आणि श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन त्यांच्यावर तुटून पडले. दोघांचा विवेक सारखाच दिसतो. पण डोंगरावरील प्रवचन जपून चिकटवणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. याहून बोचरे उदाहरण 1854चे आहे. अलाबामातले डॉक्टर जोसाया नॉट पाद्र्यांची खिल्ली उडवत. ग्लिडन यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी विज्ञानाच्या नावाने मांडले की मानववंश मुळातच वेगवेगळे आहेत, उत्पत्तीची एका आदामाची कथा खोटी आहे. डग्लस यांनी त्याच वर्षी एका भाषणात या सिद्धान्ताचा समाचार घेतला. तेव्हा सगळी माणसे एकाच रक्ताची असे म्हणणारी जुनी कथा माणुसकीच्या बाजूला होती आणि धर्माला हसणारे विज्ञान धन्याच्या पदरी होते. नास्तिकांनी ही गोष्ट विसरू नये.

माझ्या बाजूच्या लोकांना आणखी एक सांगायचे आहे. वादात आपण लेवीय पुस्तकातली कठोर वचने काढून हेच खरे बायबल, बाकी सारवासारव, असे म्हणतो. पण कठोरातले कठोर वचन तेच खरे, हा वाचनाचा नियम मळेवाल्यांचा होता. ज्याला हा ग्रंथ माणसांनी रचलेला वाटतो, त्याने तरी त्यात अनेक माणसे एकमेकांशी भांडताना ऐकायला हवीत. जन्मकथाच पाहा. मत्तयाच्या वृत्तान्तात येशू हेरोदाच्या हयातीत जन्मतो, लूक त्याच जन्माला क्विरिनियसच्या जनगणनेशी जोडतो; हेरोद इसवी सनापूर्वी 4 मध्ये वारला आणि ती जनगणना इसवी सन 6 मधली. दोन वंशावळ्याही जुळत नाहीत. संकलन करणाऱ्यांनी दोन्ही ठेवल्या. विसंगती म्हणून यावर बोट ठेवणे सोपे आहे, आणि शब्दन् शब्द अचूक असल्याचा दावा करणाऱ्यापुढे ते ठेवलेही पाहिजे. पण परस्परविरोधी साक्षी एकाच दप्तरात जपून ठेवणाऱ्या परंपरेत मला तिच्या आजच्या पुष्कळशा राखणदारांपेक्षा अधिक सहनशक्ती दिसते.

महाराष्ट्रात हा विचार परका नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, येशूला त्यांनी बळीराजाच्या पंक्तीत बसवले, आणि 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकाच घरातली माणसे आपापल्या पसंतीचा धर्मग्रंथ वाचून निरनिराळ्या धर्माची होतात आणि तरी गोडीने नांदतात, असे घर त्यांनी कल्पिले. जोतीराव निर्मिक मानत होते, मी मानत नाही. पण ग्रंथाने माणसाला जोखायचे नाही, माणसाने ग्रंथाला जोखायचे, हा त्यांचा क्रम मला पटतो. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेही हाच क्रम लावून. हिंदू वाचकाने बायबलमधल्या दास्यावर बोट ठेवताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता एका जिवंत वादाकडे येऊ. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असे म्हटले आहे. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात दासांनी आपल्या धन्याला सर्व प्रकारे मान द्यावा, असे म्हटले आहे. एकच पत्र, एकच लेखक. आणि हे पत्र पौलाचे नसावे असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे, तो मुद्दा तूर्त सोडून देऊ. 1995 मध्ये गुलामगिरीबद्दल माफी मागणाऱ्या सदर्न बॅप्टिस्टांनी 2023 मध्ये सॅडलबॅक हे आपले प्रचंड मोठे चर्च बाहेर काढले, कारण तिथे स्त्रिया पाळक झाल्या होत्या. आधार दुसऱ्या अध्यायाचा. सहाव्या अध्यायाचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. इकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 मध्ये आंध्रातल्या नंद्यालला ई. पुष्पा ललिता यांना बिशप केले. बायबल त्यांच्याही हाती तेच आहे. दोन्ही ठिकाणी माणसांनी निवड केली. एक निवड मला पटते, दुसरी पटत नाही, पण माझा आग्रह त्याआधीचा आहे. व्यासपीठावरून दुसरा अध्याय वाचून दाखवणाऱ्याने सहावा का सोडला, याचे कारण स्वतःच्या नावावर द्यावे. देवाचे वचन आहे, हे उत्तर त्याला इथे वापरता येणार नाही. सहावा अध्यायही त्याच पत्रात आहे.